‘गेट’ कुठे, कसा? एका इंग्रजी क्रियापदाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळला आमचा संध्याकाळचा इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालतो. नर्सिंग करणाऱ्या मुली येतात, कुरिअर ऑफिसातली मुलं येतात, परदेशातल्या नातवंडांशी फोनवर नीट बोलता यावं म्हणून येणाऱ्या आजीही आहेत. दर तुकडीत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी वही पुढे करतं आणि म्हणतं, “मॅडम, हे गेट काय प्रकरण आहे ते एकदा सांगाच.” तेच प्रश्न आणि मी देत आले ती उत्तरं इथे लिहून ठेवते आहे. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत, म्हणजे मोठ्याने वाचता येतील.

‘गेट’चा एकच खरा अर्थ सांगा ना.

एक अर्थ सांगितला तर तुमचं नुकसान होईल. शाळेत आपल्याला ‘गेट म्हणजे मिळणे’ असं शिकवलं गेलं आणि तिथेच आपण अडकलो. ही चार वाक्यं बघा.

‘आय गॉट अ सीट.’ मला बसायला जागा मिळाली.
‘आय गॉट वेट.’ मी भिजले.
‘आय गॉट होम.’ मी घरी पोचले.
‘आय गॉट इट.’ मला कळलं.

इंग्रजीत एकच क्रियापद आणि मराठीत चार. अर्थ ठरतो तो ‘गेट’च्या पुढे काय येतं त्यावरून. पुढे वस्तू आली तर मिळणे किंवा आणणे. ओला, भुकेला, उशीर, म्हातारा असं काही आलं तर होणे. ठिकाण आलं तर पोचणे. म्हणून वाक्य ऐकताना ‘गेट’वर थांबू नका, पुढचा शब्द येऊ द्या.

एका शब्दाला इतके अर्थ? हे डोक्यात राहणार कसं?

राहील, कारण याहून अवघड गोष्ट तुम्ही पाचव्या वर्षीच शिकलात. फळ्यावर मी ‘लागणे’ लिहिते आणि म्हणते, अर्थ सांगा. मग पाच मिनिटं वर्गात नुसता कल्ला असतो. भूक लागली. ठेच लागली. नोकरी लागली. बारावीचा निकाल लागला. फोन लागत नाही. डोळा लागला. सरबत गोड लागतं. तो माझा मामा लागतो. दादरपर्यंत वीस मिनिटं लागतात. त्याचं बोलणं मनाला लागलं. आणि आपली मुंबईची खास वाक्यं: ‘विरार फास्ट चार नंबरला लागलीये’ आणि ‘मला बसमध्ये गाडी लागते’. पहिल्यात गाडी फलाटावर उभी आहे, दुसऱ्यात पोटात मळमळतंय. परक्या माणसाला हे समजावून सांगायला बसा, घाम फुटेल. तुम्हाला मात्र कधी नियम पाठ करावा लागला नाही. (या ‘पाठ करावा लागला’मध्येही तो आहेच.)

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यात ‘लागणें’ची नोंद वाचून बघा, लांबच लांब आहे. दोनशे वर्षांपूर्वी एक इंग्रज आपल्या शब्दापुढे तसाच बसला होता जसे तुम्ही आज ‘गेट’पुढे बसला आहात.

मला खरं आश्चर्य वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. ‘गेट’ आणि ‘लागणे’ कितीतरी ठिकाणी एकमेकांच्या अंगावर बेतल्यासारखे बसतात. ‘वुई गॉट टॉकिंग’ म्हणजे आम्ही बोलायला लागलो. ‘आय कुडन्ट गेट थ्रू’ म्हणजे फोन लागला नाही. ‘इट गॉट टू मी’ म्हणजे मला ते लागलं, मनाला लागलं. ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला जावं लागणार. सगळीकडे असं जुळत नाही, पण भीती मोडायला एवढं पुरेसं आहे.

‘गेट’ हाच सर्वात जास्त अर्थांचा इंग्रजी शब्द आहे का?

नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची १९८९ ची आवृत्ती वीस खंडांची होती आणि तिच्यात सर्वात लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे नव्याने काम झालं तेव्हा ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले. रोजच्या बोलण्यात मात्र ‘गेट’ जितका पावलोपावली भेटतो तितके ते दोघे भेटत नाहीत, म्हणून आधी याच्याशी ओळख करा.

दरवाजाचं गेट आणि हा गेट, उच्चार एकच का?

एक नाही, आणि हा फरक मराठी कानाला पटकन ऐकू येत नाही. आपल्याकडे ‘ए’ एकच. इंग्रजीत एक आखूड ‘ए’ आहे आणि एक लांबवलेला. क्रियापदातला आखूड, झटकन तोंड मिटून टाकावं तसा. दरवाजातला लांब, शेवटी किंचित ‘इ’कडे झुकणारा. देवनागरीत दोन्ही ‘गेट’च लिहिले जातात, तिथे घोटाळा होतो. तीच गत ‘वेट’ची, भिजलेला आणि वाट बघणे. तीच ‘लेट’ची, करू देणे आणि उशीर.

सरावाला मी एकच वाक्य देते: ‘गेट ऑफ ॲट चर्चगेट.’ पहिला गेट आखूड, दुसरा लांब. जुन्या मुंबईच्या किल्ल्याला तीन वेशी होत्या. त्यांतली एक सेंट थॉमस चर्चकडे जाणाऱ्या वाटेवर होती, ती चर्चगेट. तटबंदी १८६० च्या दशकात पाडली गेली, वेस गेली, नाव स्टेशनावर राहिलं. म्हणजे तिथला गेट दरवाजाचाच. हे वाक्य दहा वेळा म्हणा. दोन्ही गेट सारखे ऐकू आले तर अकराव्यांदा म्हणा.

गाडीत चढणं-उतरणं: ‘गेट इन’, ‘गेट ऑन’, ‘गेट डाऊन’, यातलं बरोबर कोणतं?

ज्या वाहनात उभं राहता येतं, चार पावलं चालता येतं, त्याला ‘ऑन’ आणि ‘ऑफ’: लोकल, बेस्टची बस, एलिफंटाची लाँच. ज्यात वाकून शिरावं आणि लगेच बसावं लागतं, त्याला ‘इन’ आणि ‘आऊट ऑफ’: टॅक्सी, रिक्षा, मोटार. ‘आय गॉट ऑफ द ट्रेन ॲट घाटकोपर अँड गॉट इन अ रिक्षा.’

आता ‘गेट डाऊन’. आपण सगळे ‘आय विल गेट डाऊन ॲट दादर’ म्हणतो. खाली उतरणे, म्हणून ‘डाऊन’. भारतात हे सगळ्यांना कळतं आणि मी वर्गात कुणाला त्यावरून टोकत नाही, कारण इतकी माणसं इतकी वर्षं जे बोलतात ते इथलं बोलणं झालंच. पण परदेशी माणसाच्या कानाला ‘गेट डाऊन’ म्हणजे खाली वाक, नाहीतर शिडीवरून किंवा झाडावरून उतर. तेव्हा परीक्षेत आणि परदेशी माणसांशी बोलताना ‘गेट ऑफ’. मुंबईत तुम्हाला जे येईल ते.

‘आय ॲम नॉट गेटिंग’ असं म्हटलेलं चालतं का?

‘मला कळत नाहीये’ हे तसंच्या तसं उचललं की ‘आय ॲम नॉट गेटिंग’ तयार होतं आणि ‘कळतंय का?’चं ‘आर यू गेटिंग?’. इंग्रजीत समजण्याच्या अर्थाचा ‘गेट’ सहसा चालू काळात येत नाही. ‘आय डोन्ट गेट इट’, किंवा समोरचा भरभर बोलला असेल तर ‘आय डिडन्ट गेट दॅट’. दुसरं वाक्य जास्त उपयोगाचं आहे. त्यात ‘तुमचं तेवढं निसटलं’ असा भाव आहे, त्यामुळे समोरचा न चिडता पुन्हा सांगतो. फोनवर काम करणाऱ्यांनी हे एवढं एक वाक्य जिभेवर बसवावं.

साहेबांनी ‘गॉट इट?’ असा मेसेज केला. काय उत्तर द्यायचं?

हा प्रश्न आला तो खऱ्या प्रसंगातून. वर्गातला एक मुलगा कुरिअर कंपनीत होता. साहेबांनी पाकिटं कुठल्या क्रमाने पोचवायची ते लांबलचक लिहून पाठवलं आणि खाली विचारलं, ‘गॉट इट?’ यानं टेबलावर बघितलं, कप्प्यात बघितलं, कुठे काही आलेलं नव्हतं. प्रामाणिकपणे लिहिलं, ‘नो सर, नॉट गॉट.’ साहेबांनी तोच मेसेज पुन्हा पाठवला, या वेळी मोठ्या अक्षरांत. हाही पुन्हा कप्पा उघडून बसला. संध्याकाळी तो इतका कोमेजून वर्गात आला की त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवून आम्ही फक्त ‘गॉट इट’ घेतलं.

‘गॉट इट’ म्हणजे मिळालं, आणि ‘गॉट इट’ म्हणजे कळलं. सूचनेच्या शेवटी आलं तर कळलं का. वस्तूबद्दल बोलणं चालू असेल तर मिळालं का. संशय असेल तर दोन शब्द जास्त लिहा: ‘आय हॅव रिसीव्ह्ड द पार्सल’ किंवा ‘आय अंडरस्टँड’. त्यात कमीपणा काही नाही. चूक त्या मुलाची होती असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्याला शाळेत एकच अर्थ दिला गेला होता, त्याने तो इमानाने वापरला.

‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर काय चुकलं? केस तर कापले ना?

कापले कोणी? मराठीत ‘मी केस कापले’ म्हटलं तरी ऐकणाऱ्याला कळतं की तुम्ही सलूनमध्ये जाऊन आलात. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हणजे तुम्ही स्वतः आरशापुढे कात्री चालवली. दुसऱ्याकडून करून घेतलं तर ‘आय गॉट माय हेअर कट’.

इथे मराठीचं ‘घेणे’ मदतीला येतं. केस कापून घेतले, ब्लाऊज शिवून घेतला, गिझर दुरुस्त करून घेतला. जिथे-जिथे मराठीत ‘करून घेतलं’ म्हणता येतं, तिथे ‘गॉट’ ठेवा, मग वस्तू, मग काम: ‘आय गॉट द गिझर रिपेअर्ड.’ क्रम हाच, वस्तू मधे.

माणसाकडून काही करवून घ्यायचं असेल तर माणूस मधे आणि त्याच्यामागे ‘टू’: ‘आय गॉट द प्लंबर टू कम ऑन संडे.’ प्लंबरला रविवारी यायला लावलं. ‘मेक’ वापरलात तर ‘टू’ येत नाही, पण त्यात जबरदस्ती आहे. ‘गेट’मध्ये समजूत काढणं आहे, मागे लागणं आहे, दोन-तीन फोन आहेत. मुंबईत पावसाळ्याच्या तोंडावर प्लंबर कसा आणावा लागतो ते ठाऊक असणाऱ्याला हा फरक वेगळा समजावायला नको.

‘गॉट मॅरीड’च्या पुढे ‘विथ’ की ‘टू’?

‘टू’. आपण ‘तिच्याशी लग्न केलं’ म्हणतो म्हणून ‘विथ’ येतं. ‘ही गॉट मॅरीड टू हर.’ आणि ‘आय गॉट मॅरीड’ म्हणजे लग्न झालं, तो दिवस. ‘आय ॲम मॅरीड’ म्हणजे मी विवाहित आहे, ही स्थिती. मराठीत दोन्हीला ‘माझं लग्न झालंय’ चालतं, म्हणून मुलाखतीत गडबड होते. याच जातीची आणखी वाक्यं: ‘गॉट प्रमोटेड’, ‘गॉट कॉट’ (पकडला गेला), ‘गॉट स्टक’ (अडकला). मराठीत जिथे ‘झालं’, ‘गेलं’ येतं आणि करणाऱ्याचं नाव महत्त्वाचं नसतं, तिथे हा ‘गॉट’ शोभतो.

‘आय गॉट टू गो’ म्हणजे जावं लागलं की जायला मिळालं?

फार चांगला प्रश्न, आणि चुकीचा अर्थ लागला तर माणूस नाराज होऊ शकतो. भूतकाळातली गोष्ट सांगताना ‘आय गॉट टू सी द सी’ म्हणजे मला समुद्र बघायला मिळाला. त्यात आनंद आहे. मराठीचं ‘बघायला मिळालं’, ‘खायला मिळालं’, ‘बोलायला मिळालं’ अगदी तंतोतंत हेच.

सक्ती दाखवायची असेल तर ‘आय हॅव गॉट टू गो’, मला जायलाच हवं. बोलण्यात हा ‘हॅव’ गिळला जातो आणि ‘आय गॉट टू गो’ एवढंच ऐकू येतं. मग बघायचं की माणूस निघण्याच्या बेतात आहे की जुनी गोष्ट सांगतोय. ‘जावं लागलं’ असं भूतकाळात म्हणायचं असेल तर ‘गॉट’च्या वाटेला जाऊच नका. ‘आय हॅड टू गो.’ साधं आणि सुरक्षित.

गेट ओव्हर, गेट बाय, गेट अवे… ही जोडगोळी पाठ करायची?

यादी पाठ करू नका. शंभरांची यादी भिंतीवर चिकटवलेली मुलं मी पाहिली आहेत, महिन्याभराने त्यांना तीनही आठवत नाहीत. त्यापेक्षा प्रत्येकासाठी एक अस्सल मराठी क्रियापद शोधा.

‘गेट अलाँग’ म्हणजे पटणे. ‘दे डोन्ट गेट अलाँग’, त्यांचं पटत नाही. ‘गेट बाय’ म्हणजे भागणे. ‘वुई गेट बाय ऑन वन सॅलरी’, एका पगारात आमचं भागतं. ‘गेट ओव्हर’ म्हणजे सावरणे, आजारातून, दुःखातून. ‘गेट बॅक टू’ म्हणजे विचारून नंतर कळवणे. ‘आय विल गेट बॅक टू यू’ ऐकून माणूस परत येईल म्हणून दारात वाट बघू नका, तो फोन किंवा मेल करणार आहे. ‘गेट रिड ऑफ’ म्हणजे काढून टाकणे, पिच्छा सोडवणे.

आणि माझा आवडता, ‘गेट अवे विथ’. यासाठी मराठीत ‘पचणे’ आहे. ‘ही गॉट अवे विथ इट’, त्याला ते पचलं. कोशातलं ‘शिक्षेविना सुटणे’ आठवत बसण्यापेक्षा ‘पचलं’ म्हणा, वाक्य आपोआप जमतं.

काही तर तुम्ही रोज वापरताच. ‘गेटटुगेदर’ मराठीच झालाय. नटाचा ‘गेटअप’, पुस्तकाचा ‘गेटअप’ हेही आपलेच.

‘आय विल गेट यू’ आणि ‘आय विल गेट यू अ चेअर’ यात फरक काय?

दुसरं म्हणजे तुमच्यासाठी खुर्ची आणते. पहिलं म्हणजे ‘बघून घेईन तुला’. वस्तूचं नाव विसरू नका.

नोकरीच्या अर्जात ‘गेट’ लिहावा का?

शक्यतो टाळा. अर्ज, तक्रार, सरकारी पत्र यांत ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘बिकम’ बरे दिसतात. पण हाच सल्ला उलटाही देते: बोलताना ते शब्द नकोत. ‘आय ऑब्टेन्ड अ सीट इन द ट्रेन’ असं बोलणारा माणूस अर्ज वाचून दाखवतोय असं वाटतं. आपल्या पिढीला इंग्रजी पुस्तकातून आलं, म्हणून जड शब्द म्हणजे चांगलं इंग्रजी अशी समजूत बसली. बोलण्यात ‘गेट’ वापरा. तो हलका शब्द नाही, घरातला शब्द आहे.

‘गॉटन’ बरोबर की चूक?

अमेरिकेत बरोबर, ब्रिटनमध्ये आज ‘गॉट’. अमेरिकेत तर दोन्ही आहेत आणि अर्थ वेगळे: ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी मिळवली. ‘गॉटन’ हे जुनंच इंग्रजी रूप, अमेरिकेत टिकलं. ‘फर्गॉटन’मध्ये ते ब्रिटिशांकडेही शिल्लक आहे. ‘गेट’ स्वतः मात्र मुळात इंग्रजी नव्हे, उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या ‘गेटा’ या शब्दापासून तो आला. आपण ब्रिटिश वळणाचं शिकतो, तेव्हा एका लिखाणात एकच रूप ठेवा.

सरावासाठी एखादा सलग उतारा द्याल?

दर तुकडीला मी एकच विषय देते: २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. चाळिशीपुढच्या मुंबईकराला तो दिवस आठवावा लागत नाही, आणि आताची मुलं तेव्हा जन्मलेली नसली तरी आईची गोष्ट सांगतात. प्रश्न एवढाच: ‘हाऊ डिड यू गेट होम?’ या विषयावर ‘गेट’शिवाय कुणाला बोलताच येत नाही.

मुलुंडला राहणाऱ्या एका ताईंनी सांगितलेलं त्यांच्याच क्रमाने देते. तेव्हा त्या फोर्टला नोकरीला होत्या.

‘इट वॉज गेटिंग डार्क ॲट थ्री.’ दुपारी तीनलाच अंधारून येत होतं.
‘आय गॉट अ सीट इन द लेडीज डबा.’ जागा मिळाली.
‘वुई गॉट स्टक आफ्टर सायन.’ सायनच्या पुढे अडकलो.
‘आय ट्राइड टू कॉल माय सन बट कुडन्ट गेट थ्रू.’ मुलाला फोन लागेना.
‘वुई गॉट टॉकिंग.’ बायका बोलायला लागल्या.
‘समबडी गॉट अस बिस्किट्स.’ कुणीतरी बिस्किटं आणून दिली.
‘द ओल्ड लेडी नेक्स्ट टू मी गॉट कोल्ड, आय गेव्ह हर माय ओढणी.’ शेजारच्या आजी गारठल्या, त्यांना ओढणी दिली.
‘ॲट फोर इन द मॉर्निंग वुई गॉट ऑफ द ट्रेन.’ पहाटे चारला गाडीतून उतरलो.

मग त्या रुळांवरून चालत निघाल्या. कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप. ओढणी आजींकडेच राहिली.

‘आय गॉट होम ॲट हाफ पास्ट नाइन. माय सन गॉट अप, सॉ मी, अँड सेड, आई, यू गॉट वेट.’